पेन्शन आहे, पण उशाशी कोण?

अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकाच्या घरी खरा प्रश्न उभा राहतो तो दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर. त्याला कुशीवर कोण वळवणार, जखमेची पट्टी कोण बदलणार आणि दिवसभर थांबणाऱ्या माणसाचा पगार कशातून द्यायचा? सरकारी योजनांत याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी सापडतं. असं का झालं, याची मुळं बरीच मागची आहेत.

मराठवाड्याने छावण्या खूप पाहिल्या. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे तळ औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात मिसळली. पण छावण्या इथे असल्या, तरी सातारा-कोल्हापूरकडे घराघरांतून भरती होण्याची जी परंपरा होती, ती इथे तशी रुजली नाही. त्यामुळे इथले फौजी विखुरलेले. एका गावात दोघं, पुढच्या गावात कोणीच नाही. कोणत्या कार्यालयात जायचं, कोणता कागद लागतो, हे सांगणारा जुना फौजी शेजारी असणं ही मोठीच सोय असते. ती इथे अनेकांना मिळाली नाही.

सैनिकांच्या कल्याणाची यंत्रणा इंग्रजी अमलात पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास उभी राहिली. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं मूळ तिथे आहे. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. स्वतंत्र भारतात ७ डिसेंबर १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन सुरू झाला, सैनिकांसाठी निधी जमू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कार्यालयं, मुलामुलींची वसतिगृहं, विश्रामगृहं उभी राहिली. शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नाला मदत मिळू लागली. हे सगळं मोलाचंच आहे. पण यामागे एक गृहीत होतं, की म्हाताऱ्या फौजीला त्याचं घर सांभाळेल.

दुसरी मेख पेन्शनची. जवानाला पूर्ण पेन्शन मिळायला साधारण १५ वर्षं नोकरी लागते. १९६२ नंतर सैन्य झपाट्याने वाढलं तेव्हाचे अनेकजण काही वर्षं पलटणीत आणि उरलेली राखीव सैनिक म्हणून, अशा अटीवर भरती झाले होते. त्यातले जे मुदतीआधीच मोकळे झाले, ते ग्रॅच्युइटी घेऊन गावी आले आणि शेतीला लागले. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस ही आरोग्य योजना आली, तीही मुख्यतः पेन्शनधारकांसाठी. छत्रपती संभाजीनगरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये पेन्शनवाल्याला औषधं मिळतात, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. सात वर्षं नोकरी करून आलेला त्याचाच सोबती घाटी या सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. ही तफावत मला आजही खटकते.

रोजच्या सांभाळासाठी म्हणून दिला जाणारा पैसा एकच, सततच्या मदतनिसाचा भत्ता. त्यासाठी अपंगत्व १०० टक्के हवं, ते सैनिकी नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं हवं आणि मदतनिसाची गरज वैद्यकीय मंडळाने मान्य करायला हवी. सातव्या वेतन आयोगानंतर हा भत्ता महिन्याला ६,७५० रुपये झाला. सीमेवर कणा मोडलेल्या जवानाला तो मिळतो, शिवाय १९७४ पासून पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्रही आहे. पण निवृत्त होऊन तीस वर्षांनी लकवा मारला, तर तो नोकरीच्या हिशेबात बसत नाही. शासनाने जखम मोजली, म्हातारपण मोजायचं राहिलं.

नाही म्हणायला थोडं मोजलं. सहाव्या वेतन आयोगापासून वयाच्या ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते आणि पुढे वयाबरोबर ती चढत जाते. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करून निर्वाह अनुदान मागता येतं. ते दरमहा ४,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झालं. दुप्पट झालं हे चांगलंच, पण शहरात दिवसपाळीच्या एका मदतनिसाचा पगारही त्यात भागत नाही. आणि पोरं पुण्या-चाकणला कामाला गेलेल्या घरात हा सगळा भार सत्तरी गाठलेल्या बायकोवर येतो.

एक नियम मात्र प्रत्येक अपंगत्व पेन्शनधारकाच्या घरी माहीत असायला हवा. १९९६ नंतर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी अंतिम मानतात, पण सैनिकाने स्वतः मागितली तर फेरतपासणी होऊ शकते. तरुणपणी ४० टक्के ठरलेली जुनी जखम आता पार जागेवर बसवून गेली असेल, तर हा अर्ज करून बघायलाच हवा. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश आणि जुने वैद्यकीय कागद लागतात. हे कागद ट्रंकेत नीट आहेत का, ते आजच बघून ठेवा.