मॅक्रो छायाचित्रण

मॅक्रो छायाचित्रण : फुले, कीटक, पाण्याचे थेंब अशा लहान विषयांची अगदी जवळून छायाचित्रे घेण्याचे तंत्र आणि छंद. यात विषयाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, निदान मूळ आकाराएवढी उमटावी लागते. या व्याख्येतला ‘सेन्सरवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंगीचे छायाचित्र भिंतीएवढे छापले म्हणून ते मॅक्रो ठरत नाही. ८ मिमी. लांबीच्या मुंगीची सेन्सरवरची प्रतिमाही ८ मिमी. भरली, तर विवर्धन, म्हणजे प्रतिमा आणि मूळ वस्तू यांच्या आकारांचे प्रमाण, १:१ झाले आणि मॅक्रोची हद्द सुरू झाली. तीच प्रतिमा ४ मिमी. भरली तर विवर्धन १:२ होते आणि अशा चित्राला काटेकोर भाषेत ‘क्लोजअप’ म्हणतात. व्यवहारात ही रेषा सैल आहे. १:२ किंवा १:४ पर्यंतच पोहोचणाऱ्या कित्येक लेन्सवरही ‘मॅक्रो’ असे छापलेले असते. दुसऱ्या टोकाला, सुमारे १०:१ च्या पुढे सूक्ष्मदर्शकाचा प्रांत लागतो. या दोन प्रांतांत फरक करता यावा म्हणून डब्ल्यू. एच. वॉम्सली यांनी १८९९ मध्ये दहापटींहून कमी विवर्धनाच्या चित्रांसाठी ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ ही संज्ञा सुचवली होती. निकॉन कंपनी मात्र आपल्या मॅक्रो लेन्सना आजही ‘मायक्रो’ म्हणते, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो.

आकड्यांत सांगायचे तर फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमी. असतो. १:१ विवर्धनात चौकटीत नेमका तेवढाच प्रदेश मावतो. ५:१ ला तो ७.२ × ४.८ मिमी. उरतो, म्हणजे एक घरमाशी जेमतेम बसेल इतका.

मिलिमीटरचा हिशेब : या छंदातील जवळजवळ प्रत्येक अडचण आणि प्रत्येक युक्ती एकाच गोष्टीतून निघते. विषयाच्या जितके जवळ जावे तितकी चित्रातील स्पष्ट भागाची जाडी, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, झपाट्याने कमी होते. फुल फ्रेम सेन्सरवर १:१ विवर्धनात एफ/८ छिद्राला (छिद्र म्हणजे लेन्समधली प्रकाशाची वाट; एफचा आकडा मोठा तितकी ती बारीक) ही जाडी सुमारे १ मिमी. असते. २:१ ला ती साधारण ०.३६ मिमी. होते आणि ५:१ ला ०.१ मिमी.च्या आसपास येते. मधमाशीचा डोळा स्पष्ट आला तर तिची पाठ धूसर होणार, हे आधीच ठरलेले असते.

छिद्र आणखी बारीक करावे, हा यावरचा स्वाभाविक उपाय. पण तो फार पुढे नेता येत नाही. लेन्स सेन्सरपासून जितकी दूर सरकते, तितका प्रकाश पसरून विरळ होतो. १:१ ला तो एक-चतुर्थांशच उरतो आणि एफ/८ हे छिद्र परिणामाने एफ/१६ सारखे वागते. एफ/१६ ठेवले तर ते एफ/३२ सारखे वागणार. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडांशी वळून पसरतो, आणि संपूर्ण चित्रच मऊ पडते, अगदी फोकसमध्ये असलेला भागसुद्धा. म्हणून अनुभवी माणसे एफ/८ ते एफ/१६ च्या दरम्यानच थांबतात आणि उरलेला प्रश्न कॅमेऱ्याच्या कोनाने सोडवतात. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या पंखाला सेन्सर समांतर धरला, तर एका मिलिमीटरच्या जाडीतही अख्खा पंख स्पष्ट येतो. तेच फुलपाखरू तिरके टिपले तर अर्धा पंख हातचा जातो. मॅक्रोमध्ये रचना म्हणजे तो एक मिलिमीटर कुठे खर्च करायचा याचा निर्णय, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

हालचालही याच प्रमाणात मोठी होते. १:१ ला फूल वाऱ्याने १ मिमी. हलले, तर सेन्सरवरची प्रतिमाही १ मिमी. सरकते, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ते सुमारे १६७ पिक्सेल झाले. हातात कॅमेरा धरणाऱ्याचा श्वासही चित्रात उतरतो. त्यामुळे ऑटोफोकसवर विसंबण्याऐवजी बरेच जण फोकस एका जागी पक्का करतात, शरीर अगदी हळू पुढेमागे डोलवतात आणि डोळ्यावर धार आली की बटण दाबतात. हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात, आणि त्या काळात दहा चित्रांतले एक बरे आले तरी ते पुरेसे मानावे.

साधने : १:१ देणारी मॅक्रो लेन्स हे सरळ साधन. ५० ते ६० मिमी. नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) लेन्स कीटकाच्या फार जवळ न्यावी लागते. साधारण १०० मिमी.च्या लेन्सने तिच्या पुढच्या काचेपासून १४-१५ सेंमी. अंतर मिळते, म्हणून कीटकांसाठी तिलाच पसंती असते. कॅननची एमपी-ई ६५ मिमी. लेन्स (१९९९) १:१ ते ५:१ एवढेच काम करते. दूरचे दृश्य तिच्यातून फोकसच होत नाही.

मॅक्रो लेन्स नसतानाही सुरुवात उत्तम होते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्यांत, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूबमध्ये, काच नसते. त्या फक्त लेन्स पुढे सरकवतात. ५० मिमी.च्या लेन्सला ५० मिमी. नळ्या लावल्या की १:१ विवर्धन मिळते. लेन्सच्या तोंडावर बसणारे क्लोजअप भिंग आणखी सोपे : +४ डायॉप्टरच्या (डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंगाने जास्तीत जास्त २५ सेंमी.वर फोकस होतो, +१० ला १० सेंमी.वर. जुनी लेन्स उलटी बसवणे ही तर सर्वांत जुनी आणि स्वस्त युक्ती. मोबाइल फोनही आता यात आले आहेत. २०२१ च्या आयफोन १३ प्रोने २ सेंमी.वरून फोकस करण्याची सोय दिली आणि इतर फोनांतही अशी सोय मिळते. मात्र इतक्या जवळ फोनची सावलीच विषयावर पडते, आणि कीटक तोवर निघून गेलेला असतो.

प्रकाश : छिद्र बारीक, विषय हलता आणि विवर्धनाने प्रकाश घटलेला, अशा स्थितीत फ्लॅश हा बहुतेकांचा मुख्य दिवा ठरतो. कमी शक्तीवर फ्लॅशची लखाख सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही छोटी असते. बाकीचा उजेड चित्रात जवळपास येतच नसेल, तर ती लखाखच शटरचे काम करते आणि हाताचा कंप दिसत नाही. उघडा फ्लॅश मात्र वापरू नये. भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी असते; तिच्यात फ्लॅशचा पांढरा चौकोन जसाच्या तसा उमटतो आणि खालचा रंग पुसला जातो. पांढरा फोम, ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लॅस्टिकचा रुंद पडदा, म्हणजे डिफ्युझर, विषयाच्या जितका जवळ आणावा तितका प्रकाश मऊ होतो. लेन्स बदलण्यापेक्षा डिफ्युझर सुधारल्याने चित्रे जास्त सुधारतात. बहुतेक जण तो घरीच, पुन्हापुन्हा मोडून बनवतात.

फ्लॅशच्या चित्रांत मागची बाजू बरेचदा काळी येते, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. काळी पार्श्वभूमी नको असेल तर विषयामागे एखादे पान येईल अशा कोनात बसावे.

कीटक : कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. म्हणून ऊन चढण्यापूर्वीची पहाट ही त्यांच्यासाठी सर्वांत चांगली वेळ. चतुर, टाचण्या आणि फुलपाखरे गवताच्या पात्यांवर दवाने भिजून गारठलेली असतात आणि कॅमेरा हातभर अंतरावर आला तरी उडत नाहीत. पंखांना ऊन लागले की ही संधी काही मिनिटांत संपते. दिवसा जवळ जायचे तर खाली वाकून, सावकाश जावे. आपली सावली कीटकावर पडू देऊ नये आणि तो बसलेल्या फांदीला धक्का लागू देऊ नये. पाठलाग बहुधा वाया जातो. चतुरांच्या कित्येक जाती उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. काडीपाशी थांबून राहणाऱ्याला चित्र मिळते.

फोकस डोळ्यावर हवा, हा नियम येथे माणसांच्या व्यक्तिचित्रांपेक्षाही कडक आहे. काही चतुरांच्या एकेका संयुक्त डोळ्यात सुमारे २८ ते ३० हजार नेत्रिका, म्हणजे डोळ्याचे चिमुकले सुटे घटक, असतात आणि चांगल्या चित्रात त्यांची षटकोनी जाळी मोजता येईल इतकी उठून दिसते. प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका कॅमेऱ्यामागे फिरताना दिसतो. कीटक आपल्याकडेच बघतो आहे असे वाटते, पण तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. ज्या नेत्रिका नेमक्या आपल्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या प्रकाश परत न पाठवता शोषून घेतात, म्हणून काळ्या दिसतात. आपण सरकलो की दुसऱ्या नेत्रिका समोर येतात आणि ठिपका सरकतो. फुलपाखराचा पंख ३:१ च्या पुढे पाहिला की रंगाचा सलग पट्टा नाहीसा होतो आणि छपरावरच्या कौलांसारखे रचलेले एकेक खवले दिसू लागतात. उडी कोळी कीटक नाही, पण समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांमुळे तो या छंदातला सर्वांचा लाडका आहे. तो वळून लेन्सकडे पाहतो, आणि हे पाहणे मात्र खरेच असते.

फुले : फूल उडून जात नाही, पण वारा असतो. देठ चिमट्याने काठीला टेकवणे किंवा डाव्या हाताने धरणे हा नेहमीचा उपाय. ढगाळ दिवसाचा पसरलेला प्रकाश पाकळ्यांच्या छटा नीट दाखवतो; पातळ पाकळीच्या मागून ऊन आले तर शिरा उजळतात. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीत प्रत्येक ठिपका हे स्वतंत्र फूल आहे आणि त्यांचे सर्पिल बहुधा एका दिशेने ३४ आणि दुसरीने ५५ भरतात, हे मॅक्रोमधून पाहिल्यावरच पटते. फूल ताजे निवडावे. साध्या डोळ्यांना न दिसणारा डाग येथे चौकटभर पसरतो.

थेंब : दव निरभ्र, निवांत रात्री पडते. गवताच्या टोकाशी किंवा पानाच्या कडेने ठरावीक अंतरावर मण्यांसारखे बसलेले थेंब मात्र बरेचदा दव नसतात. वनस्पतीने मुळांतून घेतलेले जादा पाणी कडेच्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेर टाकलेले असते. थेंब हे स्वतःच एक भिंग आहे. त्याच्यामागे काही सेंटिमीटरवर फूल ठेवले तर थेंबात त्याची चिमुकली, उलटी प्रतिमा दिसते. फोकस थेंबाच्या पृष्ठभागावर न ठेवता त्या प्रतिमेवर ठेवावा लागतो. फूल मुद्दाम उलटे धरले की थेंबात ते सुलटे येते. पाण्यात ग्लिसरीन मिसळले तर थेंब गोल राहतो आणि लवकर सुकत नाही. यात गैर काही नाही, फक्त तसे चित्र पहाटेचे दव म्हणून दाखवू नये.

पडत्या थेंबाचे छायाचित्रण ही वेगळीच शाखा आहे. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात थेंबांचे शिंतोडे टिपले आणि १९०८ मध्ये तो अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. थेंबाने पाण्यात पाडलेला खड्डा मिटताना मध्ये उसळणाऱ्या पाण्याच्या खांबाला त्यांचेच नाव आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट आजही या प्रकाराचा मापदंड मानला जातो. पहिल्या थेंबाचा खांब वर आलेला असताना दुसरा थेंब त्याच्या माथ्यावर आदळला की पाण्याची छत्री उघडते. हे जमवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक झडपेने थेंबांमधले अंतर मिलिसेकंदांत बदलत जातात. अंधाऱ्या खोलीत शटर उघडे ठेवून योग्य क्षणी फ्लॅश उडवतात.

पूर्वसूरी : अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील शेतकरी विल्सन बेंटली यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात ५,००० हून अधिक स्फटिक टिपले. बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या आणि बीजकोश तीसपटींपर्यंत मोठे करून दाखवले, तेही विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून. छंदाला घरोघरी वाट मिळाली ती १९५५ च्या माक्रो-किलार लेन्सने, ३५ मिमी. एसएलआर कॅमेऱ्याला (लेन्समधले दृश्य आरशातून थेट दाखवणाऱ्या) लावून अनंतापासून अगदी जवळपर्यंत सलग फोकस करणारी ती पहिली लेन्स मानली जाते.

फोकस स्टॅकिंग : फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घ्यायची आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या संगणक प्रणालीने प्रत्येकातला स्पष्ट भाग एकत्र जोडायचा, ही या पद्धतीची कल्पना. छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील कीटकांच्या एकेका चित्रासाठी सुमारे ८,००० छायाचित्रे जोडली. त्यासाठी विषय पूर्ण स्थिर हवा, आणि येथेच एक वाईट सवय शिरते. काही जण कीटक शीतपेटीत ठेवून बधिर करतात किंवा मेलेला कीटक डिंकाने फुलावर चिकटवतात. पायांची अस्वाभाविक ठेवण जाणकाराच्या लगेच लक्षात येते, पण ओळखू येते की नाही हा मुद्दाच नाही. ज्या जिवाच्या ओढीने आपण गवतात तासन्‌तास आडवे पडतो, त्याला इजा करून मिळवलेले चित्र घेऊच नये. घरटे उघडे पाडण्यासाठी भोवतालची पाने कापणेही याच कारणाने टाळावे.

विज्ञानाला उपयोग : जागा आणि तारीख नोंदवलेले साधे मॅक्रो चित्रही कीटकतज्ज्ञांच्या कामी येते. मलेशियातील एका हौशी छायाचित्रकाराने जंगलात जाळीदार पंखांचा एक हिरवा कीटक टिपला आणि चित्र फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवले. पंखांवरची काळी-निळी नक्षी शॉन विंटर्टन या कीटकतज्ज्ञाच्या पाहण्यात आली. अशी जात नोंदलेली नव्हती. पण केवळ चित्रावरून नवी जात जाहीर करणे पुरेसे नव्हते, नमुना हवा होता. पुढे तोच छायाचित्रकार त्याच परिसरात गेला, त्याला तो कीटक पुन्हा सापडला आणि त्याने तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमकडे पाठवला. २०१२ मध्ये ‘सेमाक्रायसा जेड’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. संग्रहालयाच्या साठ्यात त्याच जातीचा एक जुना नमुना कित्येक दशके ओळख न पटता पडून होता, हे त्या वेळी उघड झाले.