१२,३४५चे १२,९४२ : मेनफ्रेममधली माहिती बाहेर काढताना

मेनफ्रेमवरच्या, म्हणजे बँका-विमा कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावरच्या, एका फाइलमध्ये १२,३४५ ही रक्कम साठवलेली आहे. ती फाइल आपण दुसऱ्या सर्व्हरवर पाठवतो आणि जाता जाता तिच्यातल्या अक्षरांचे कोड बदलून घेतो. पलीकडे रक्कम वाचली जाते १२,९४२. एकही प्रोग्राम बंद पडत नाही, कुठे एरर येत नाही, पण रक्कम ५९७ने वाढलेली असते.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. मेनफ्रेमवर रकमा बहुधा ‘पॅक्ड डेसिमल’ पद्धतीने ठेवतात. एका बाइटचे, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या छोट्या घराचे, दोन अर्धे भाग करायचे, प्रत्येकात एक अंक बसवायचा आणि अगदी शेवटच्या अर्ध्या भागात चिन्ह लिहायचे. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. त्यामुळे १२,३४५ ही रक्कम तीन बाइटांत ‘१२ ३४ ५सी’ अशी मावते. मजकुरासाठी मात्र मेनफ्रेम ‘एब्सिडिक’ ही कोडसंहिता वापरते, तर इतर संगणक ‘आस्की’ किंवा तिच्यातून वाढलेल्या संहिता वापरतात. आता अख्खे रेकॉर्ड मजकूर आहे असे धरून एब्सिडिकमधून आस्कीत नेले, तर १२ तसाच राहतो आणि ३४चा ९४ होतो. ५सी हा एब्सिडिकमध्ये तारांकनाचा कोड, त्याचा आस्कीत २ए होतो. गोम अशी, की पॅक्ड डेसिमलमध्ये ‘ए’ हेसुद्धा अधिकचेच चिन्ह मानले जाते. म्हणून ‘१२ ९४ २ए’ हा अगदी वैध आकडा ठरतो. रक्कम उणे असती तर ५डीचा २९ झाला असता, चिन्हाच्या जागी ९ आला असता आणि आकडा अवैध म्हणून पकडला गेला असता.

त्या तीन बाइटांवर ‘मी रक्कम आहे’ असे कुठेच लिहिलेले नसते. ते लिहिलेले असते कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्रामच्या ‘कॉपीबुक’मध्ये, म्हणजे रेकॉर्डचा आराखडा सांगणाऱ्या मजकुरात. जुन्या मेनफ्रेमचा डेटाबेस नव्या जगाला जोडणे हा मला म्हणूनच तारा जोडण्याचा प्रश्न वाटत नाही. माहिती एका ठिकाणी आणि तिचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी, अशी ही रचना आहे. जुन्या आणि नव्याच्या मध्ये बसणारे सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर, चांगले की वाईट, हे त्याने तो अर्थ किती नीट सांभाळला यावर ठरते.

मुळात ही रचना अशी का झाली? आयबीएमची सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची मालिका १९६४ साली जाहीर झाली. अमेरिकेच्या चांद्रयानाच्या अपोलो मोहिमेतल्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएम, नॉर्थ अमेरिकन आणि कॅटरपिलर या कंपन्यांनी मिळून तिच्यावर चालणारी एक प्रणाली बांधायला घेतली. ऑगस्ट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर तिने पहिल्यांदा ‘रेडी’ छापले. हीच पुढे आयएमएस म्हणून ओळखली गेली आणि आजही वापरात आहे. यानाचे भाग, त्यांचे उपभाग, उपभागांचे तुकडे अशी ती यादी वृक्षासारखी होती, म्हणून डेटाबेसही वृक्षाचा झाला. त्यात प्रोग्राम सांगतो : या खोडाशी जा, मग पुढची फांदी दे, मग त्याच फांदीवरची पुढची. वाट प्रोग्रामरनेच आखायची. १९७० साली आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी कोष्टकांवर आधारलेले प्रतिमान मांडले. त्यातून आलेल्या एसक्यूएल भाषेत काय हवे तेवढेच सांगायचे असते, वाट डेटाबेस शोधतो.

आजचे ॲप एसक्यूएल किंवा वेब-एपीआयच्या (प्रोग्रामांनी वेबवरून एकमेकांशी बोलायच्या रीतीच्या) भाषेत बोलते, समोर आयएमएसचा वृक्ष किंवा व्हीसॅम या मेनफ्रेमच्या पद्धतीची फाइल असते. मधल्या मिडलवेअरने वृक्षाची कोष्टके करून दाखवायची. याची पहिली तऱ्हा फार खडतर होती : मेनफ्रेमला जोडलेल्या ३२७० टर्मिनलच्या २४ ओळी आणि ८० रकान्यांच्या पडद्यावर माणूस जे वाचायचा, ते एक प्रोग्राम माणसाचे सोंग घेऊन वाचायचा. पडद्यावरची एखादी नोंद एक घर उजवीकडे सरकली की सगळे कोलमडायचे. नव्वदच्या दशकात ओडीबीसी, जेडीबीसी हे डेटाबेसशी जोडून घेण्याचे मानक मार्ग आले, नंतर जेसन या साध्या मजकुराच्या रूपात माहिती पाठवणाऱ्या सेवा.

प्रत्येक नव्या थराने जुन्या अर्थाला कुठेतरी धक्का दिला. पॅक्ड डेसिमलमध्ये ३१ अंकांपर्यंतचा आकडा अचूक राहतो. तोच जेसनमधून ब्राउझरमध्ये गेला की बहुधा तरंगत्या दशांशचिन्हाच्या आकड्यात बदलतो आणि साधारण सोळाव्या अंकानंतर भरवसा संपतो. अनुक्रमाचेही तसेच. एब्सिडिकमध्ये आधी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे, मग मोठी, मग अंक, तर आस्कीत याच्या नेमके उलट. ‘या कोडपासून त्या कोडपर्यंतची गिऱ्हाइके दाखवा’ असे विचारले, तर दोन्हीकडची यादी वेगळी येऊ शकते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

याहून अवघड असते ते कॉपीबुकमध्येही नसलेले. कोबोलमध्ये ‘रीडिफाइन्स’ म्हणून सोय आहे. तेच बाइट एका प्रकारच्या रेकॉर्डमध्ये पत्ता असतात, दुसऱ्यात विम्याचा हप्ता. कोणते केव्हा, हे प्रोग्रामच्या पोटातल्या एखाद्या ‘इफ’मध्ये असते. तारखेच्या जागी सगळे नऊ म्हणजे ‘मुदत नाही’. दोन अंकी वर्ष अमुक आकड्याच्या खाली असेल तर २०००नंतरचे, वर असेल तर आधीचे. असे नियम शेकडो प्रोग्रामांत विखुरलेले असतात आणि लिहिणारी माणसे निवृत्त झालेली असतात. नव्या मिडलवेअरवरची खरी मेहनत इथेच खर्च झाली पाहिजे. हे नियम शोधून, एका जागी, वाचता येतील असे लिहायचे. नुसता जलद ड्रायव्हर बसवला आणि अर्थ पुन्हा प्रत्येक ॲपवर सोडला, तर तेच विखुरलेपण आपण नव्या भाषेत वाढवतो.

खर्चाचीही एक बाजू आहे. बाहेरून आलेला निरागस दिसणारा एसक्यूएल प्रश्न वृक्षाच्या किल्लीला, म्हणजे नोंद शोधायच्या खुणेला, धरून नसेल, तर अख्खा डेटाबेस पालथा घालावा लागतो. मेनफ्रेमवरच्या सॉफ्टवेअरचे बिल अनेकदा चार तासांच्या सरासरी वापराच्या शिखरावरून ठरते, त्यामुळे हा भार थेट पैशात दिसतो. म्हणून बदलांची नोंद ठेवणारा लॉग वाचून बाहेर एक ताजी प्रत ठेवतात. वाचायला प्रत, लिहायला मूळ. प्रत काही क्षण मागे असते हे मात्र ॲप लिहिणाऱ्याला माहीत हवे, नाहीतर पैसे भरूनही शिल्लक जुनीच दिसते.

सगळे एकदम बदलायचा मोह होतो. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली खाती नव्या प्रणालीवर नेली. माहिती व्यवस्थित पोचली, पण तिच्यापर्यंत जाण्याची प्रणाली लगेच अडखळली. ग्राहकांना आपली खाती पाहता येईनात आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड केला.

मला पटणारी रीत संथ आहे. जुना आणि नवा मार्ग शेजारी शेजारी चालवायचे, येणारा प्रत्येक वाचन-प्रश्न दोघांनाही द्यायचा, उत्तर जुन्याचेच वापरायचे आणि दोन्ही उत्तरे बाइट न् बाइट ताडून पाहायची. जिथे फरक दिसेल तिथे एखादा न लिहिलेला नियम सापडतो. लिहिण्याच्या कामांना हे इतके सरळ लागू होत नाही. तिथे दोन्हीकडे व्यवहार एकतर पूर्ण झाला पाहिजे किंवा अजिबात नाही, म्हणून ती कामे एकेक करून हलवावी लागतात. आणि फरक शून्यावर आले तरी जुना मार्ग लगेच बंद करू नये. वर्षाअखेरचे हिशेब काढणारे काही प्रोग्राम वर्षातून एकदाच त्या वाटेने जातात. ते एकदा नव्या मार्गाने जाऊन येईपर्यंत जुना चालू ठेवावाच लागतो.