आधी चाळणी, मग पाणी: पिठासारखं सोनं हाती कसं लागतं

माझी आजी तांदूळ रोळायची तेव्हा मी शेजारी बसून बघत असे. पातेल्यात तांदूळ, वर बोटभर पाणी आणि हाताला एक ठरावीक हेलकावा. दर हेलकाव्याला थोडे तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात उतरायचे. शेवटी पातेल्याच्या तळाशी चमचाभर पाणी आणि तीनचार खडे उरायचे. खडे आकाराने तांदळाएवढेच, पण जड, म्हणून ते मागे राहत. कॅलिफोर्नियात 'अमेरिकन' नावाच्या नदीच्या काठच्या एका गावी सोनं धुवायचा पॅन पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा मला तोच हेलकावा आठवला. इथे तांदूळ ओतून द्यायचे होते आणि खडा जपायचा होता, एवढाच फरक.

ते गाव कोलोमा. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला तिथल्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे तुकडे दिसले, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसं कॅलिफोर्नियात येऊन थडकली. डोळ्यांना दिसणारं सोनं त्यांनी वेचून नेलं. आज हौस म्हणून तिथे जाणाऱ्याच्या वाट्याला येतं ते बहुतेक वेळा अगदी बारीक सोनं. पिठासारखं असतं म्हणून त्याला तिकडे पिठाचंच नाव आहे.

किती बारीक, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. एक मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा गोल कण साधारण १० मिलिग्रॅम भरतो, म्हणजे असे शंभर कण जमले की एक ग्रॅम. व्यास ०.१ मिलिमीटरवर आला की एका ग्रॅमला एक लाख कण लागतात. त्यामुळे हौशी माणसाच्या दिवसभराच्या कमाईचं वजन कित्येकदा ग्रॅमच्या काही शतांशांत मोजावं लागतं. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा म्हणूनच बरोबर ठेवतात.

सोनं जड असतं, मग ते तळाशी बसणारच, त्यात एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. पाण्याची घनता एक धरली तर सोन्याची १९.३, नदीतल्या साध्या वाळूची, म्हणजे क्वार्ट्झची, २.६५. दोन्हींतून पाण्याचा एक वजा केला की १८.३ आणि १.६५ उरतात. म्हणजे पाण्यात सोनं वाळूपेक्षा अकरा पट भारी. पण वाहतं पाणी तराजू धरून बसत नाही. कोणता कण किती वेगाने बुडतो, एवढंच त्याला कळतं, आणि बुडण्याचा वेग घनतेइतकाच आकारावरही ठरतो. हरभऱ्याएवढा सोन्याचा खडा त्याच्या अकरा पट मोठ्या गारगोटीच्या वेगाने बुडतो. तिथे चूक व्हायला फारसा वाव नाही. कण बारीक होत गेले की पाण्याचा चिकटपणा त्यांना धरून ठेवू लागतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे अशा सूक्ष्म कणांचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो, आणि मग अकरा पटींचा तो फायदा तीनचार पटींवर येतो. नदीतल्या काळ्या वाळूशी, म्हणजे घनता ५.२ असलेल्या मॅग्नेटाइटशी तुलना केली, तर जेमतेम दोनअडीच पटींवर. थोडक्यात, पिठासारखा सोन्याचा कण आणि त्याच्या तीनचार पट मोठा वाळूचा कण पाण्याला सारखेच.

हे एकदा समजलं की या छंदातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार कोणतं, हेही समजतं. ते पॅन नाही, मेटल डिटेक्टर तर नाहीच. ती आहे चाळणी. सगळे कण साधारण एकाच मापाचे करून घेतले की आकाराचा प्रश्नच उरत नाही, आणि मग पाण्याला फक्त वजनावर निवाडा करावा लागतो. बादलीच्या तोंडावर बसणाऱ्या चाळण्यांचे संच मिळतात. त्यांचं माप 'मेश'मध्ये, म्हणजे एका इंचात किती भोकं यावर असतं: २० मेशचं भोक ०.८४ मिलिमीटर, ५० मेशचं सुमारे ०.३, १०० मेशचं ०.१५. नदीवर जाड चाळणीने गोटे काढायचे, घरी येऊन उरलेली वाळू तीनचार मापांत वेगळी करायची आणि प्रत्येक ढीग वेगळा धुवायचा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच नवखे लोक ते टाळतात, आणि त्यांचं सोनं पुन्हा नदीत जातं.

आता पॅन. पूर्वी तो लोखंडी असे, आता बहुधा प्लॅस्टिकचा, साधारण १४ इंच रुंद आणि एका बाजूला आतून पायऱ्या काढलेला. हिरवा रंग जास्त चालतो, कारण त्यावर सोनंही उठून दिसतं आणि काळी वाळूही. वाळू भरून पॅन पूर्ण पाण्याखाली धरायचा आणि हाताने चिखल सोडवायचा. मातीचा गोळा न फोडता सोडून दिला तर तो सोन्याला चिकटवून घेऊन जातो. मग पॅन आडवा धरून जोरात हलवायचा. या हलवण्यात खरी जादू आहे: सगळी वाळू क्षणभर सैल होते, कण एकमेकांना वाट देतात आणि जड कण फटींतून खाली उतरत जातात. त्यानंतरच पॅन पुढे कलता करून वरचा थर पाण्याच्या लाटेबरोबर जाऊ द्यायचा. दोनतीन लाटा झाल्या की पुन्हा आडवा धरून हलवायचं. नवखा माणूस लाटांत रमतो आणि हलवायचं विसरतो.

वाळू कुठली उचलायची, याचा विचारही त्याच अंगाने होतो. पुराचं पाणी जिथे एकाएकी मंदावतं तिथे जड माल खाली पडतो. वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याची मागची सावली, तळखडकातल्या भेगा, काठच्या दगडांवरचं शेवाळ. मी स्वतः भेगांच्या बाजूचा आहे. एक वाकडी सळई, एक चमचा आणि एक ब्रश घेऊन हातभर भेग साफ करावी. फावड्याने उपसलेल्या दहा बादल्यांपेक्षा तिच्यात जास्त मिळू शकतं.

जास्त वाळू धुवायची तर स्लूस लागतो, म्हणजे वाहत्या पाण्यात तिरपी ठेवलेली पन्हळ. तिच्या तळाशी आडव्या पट्ट्या आणि त्यांखाली केसाळ चटई असते. पट्टीच्या मागे पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि जड कण तिथे अडकतात. उतार फुटाला साधारण एक इंच धरून सुरुवात करायची आणि मग पट्ट्यांकडे बघत राहायचं. मागच्या खाचेत वाळू घट्ट बसली तर पाणी कमी पडतंय, खाच पार रिकामी दिसली तर फार आहे. वाळू तिथे नाचत असली की बरोबर. बारीक सोन्यासाठी उंच पट्ट्यांपेक्षा बारीक खाचांची रबरी चटई आणि उथळ, संथ पाणी चांगलं.

हे सगळं झालं की वाटीभर काळी वाळू उरते, आणि खरी परीक्षा इथे सुरू होते. ती आधी वाळवून तिच्यावरून चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट निघून जातं. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची आणि उचललेली वाळू पुन्हा एकदा सोडून बघायची, कारण तिच्यात सोन्याचे कण अडकून येतात. मग पुन्हा पाणी. इथे एक विचित्र गोष्ट दिसते: १९.३ घनतेचं सोनं चक्क पाण्यावर तरंगतं! नदीने ठोकून ठोकून त्याचे पातळ पापुद्रे केलेले असतात, त्यांवर किंचित तेलकटपणा असतो आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना तोलून धरतो. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते बुडतात.

शेवटच्या टप्प्याला मला आवडतं ते उतरतं टेबल. पाटीसारख्या खरखरीत पृष्ठभागावरून पाण्याचा अगदी पातळ थर सोडतात आणि एकाच मापाची चाळलेली वाळू चिमटी-चिमटीने वर टाकतात. पाण्याच्या थरात पृष्ठभागालगतचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि वर तो वाढत जातो. सोन्याचा चपटा, जड कण त्या संथ पदरात पडून राहतो. वाळूचे हलके कण घरंगळत खाली जातात. काळ्या पाटीवर पिवळी रेघ उमटताना बघणं हा फार मोठा आनंद आहे. टोकदार नळीच्या छोट्या बाटलीने ती रेघ ओढून घ्यायची.

हे सगळं कष्टाचं आहे, आणि पारा वापरला तर सोपं होतं. पारा सोन्याला धरतो, मग तापवून पारा उडवला की सोनं उरतं. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या झारेकऱ्यांनाही ही रीत ठाऊक आहे. पण उडालेला पारा श्वासातून आत जातो आणि मज्जासंस्था पोखरतो. नदीत गेलेला पारा माशांत साठतो. कॅलिफोर्नियात सोन्याच्या त्या काळात नदीकाठच्या खाणकामातून सुमारे एक कोटी पौंड पारा निसर्गात सुटला, असा अंदाज आहे. दीडशे वर्षांनंतरही तिथे पॅनमध्ये पाऱ्याचे थेंब आणि पाऱ्याने पांढरे पडलेले सोन्याचे कण सापडतात. असा कण कधीही घरी तापवू नये. तो पाण्यासह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावा. नदीचा तळ यंत्राने शोषून काढायला त्या राज्यात २००९पासून बंदी आहे. त्या बंदीमागे माशांची काळजी आहे, आणि गाळातला हा पारा पुन्हा वर येण्याची भीतीही. ज्यांचं पोट सोन्यावर आहे त्यांच्यासाठीही दुसरी वाट आहे. फिलिपिन्समधल्या बेंगेत भागात छोटे खाणकामगार अनेक वर्षं पाऱ्याऐवजी टाकणखार वापरतात. नीट धुतलेल्या सोनेरी वाळूत टाकणखार घालून ती वितळवली की सोनं तळाशी जमतं. आपले सोनार सवागी म्हणून वापरतात तोच हा टाकणखार.

जागेचे नियम आधी विचारून घ्यावेत. कोलोमाच्या उद्यानात फक्त हात आणि पॅन चालतात, पन्हळसुद्धा नाही. भारतात खनिज काढण्याला १९५७चा खाण आणि खनिज कायदा लागू आहे, तेव्हा इथल्या नदीत आपल्या मनाने उतरू नये.

सराव मात्र घरच्या टबातही होतो. शिशाचे बारीक छर्रे हातोडीने चपटे करावेत, नेमके दहा मोजून पॅनभर वाळूत मिसळावेत आणि टबावर धुवावेत. पहिल्या खेपेला माझ्या पॅनमध्ये सहा उरले होते. उरलेले चार शोधायला मी टबातली वाळू काढून परत धुतली, तेव्हा लक्षात आलं की चारही पहिल्याच मोठ्या लाटेबरोबर गेले होते, पॅन पुरेसा हलवण्याआधीच. दहाच्या दहा उरायला मला तीन रविवार लागले. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि ते पाणी झाडांना घालू नये.