औपचारिक पत्राचा साचा आला कुठून?

व्यावसायिक पत्र लिहायला घेतले की मजकुराआधी साचा आठवतो. वर नाव-पत्ता, दिनांक, जावक क्रमांक, मग विषय, संदर्भ, मायना, आणि सर्वात खाली ‘आपला विश्वासू’. शाळेत हे सगळे शिष्टाचार म्हणून शिकवतात. मात्र या साच्याचा इतिहास पाहिला तर शिष्टाचाराच्या वाट्याला मायना आणि शेवटची ओळ एवढेच येते. बाकीचे खाने पुरावा राहावा, टपालखर्च परवडावा किंवा कपाटातला कागद वेळेवर सापडावा म्हणून पडले.

तुर्कस्तानात कुलतेपे इथे, म्हणजे प्राचीन कानेशमध्ये, वीस हजारांहून अधिक मातीच्या पाट्या मिळाल्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आजच्या इराकमधल्या अश्शुर शहरातले व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड लादून सुमारे हजार किलोमीटरवरच्या या गावी येत. घरी राहिलेल्या बायका-भागीदारांशी त्यांचा जो पत्रव्यवहार चाले, तो या पाट्यांत आहे. पत्राची सुरुवात ठरलेली असे: ‘अमक्याला सांग, तमका असे म्हणतो.’ म्हणजे पहिले वाक्य पत्र वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून. पाटीभोवती मातीचेच पातळ पाकीट चढवत आणि त्यावर पाठवणाऱ्याची मुद्रा उमटवत. पाकीट फोडल्याशिवाय मजकूर वाचता येत नसे. आत फेरफार झालेला नाही याची खात्री मुद्रेवरून पटे.

त्यानंतरची, इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराची, इराकमधल्याच प्राचीन ऊर शहरातली एक पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला केलेली ही तक्रार अलीकडे समाजमाध्यमांवर विनोदाचा विषय झाली आहे. विनोद बाजूला ठेवून तिची मांडणी पाहावी. चांगला माल देण्याचे तू कबूल केलेस. माझ्या माणसापुढे हलका माल ठेवलास आणि घ्यायचा तर घे म्हणालास. पैसे तर मी आधीच दिले होते. यापुढे माल मी माझ्या अंगणात पारखून घेईन, नापसंत असेल तो परत करीन. आश्वासन, घटना, देणे, मागणी. आजही तक्रारीचे पत्र याहून वेगळ्या क्रमाने लिहून काही साधत नाही.

मायन्याची बडेजाव मात्र व्यापाऱ्यांनी आणलेली नाही. ती आली मध्ययुगीन युरोपातल्या धर्मपीठांच्या आणि दरबारांच्या दप्तरांतून. अकराव्या शतकात इटलीतल्या माँटे कॅसिनो मठातल्या अल्बेरिक या साधूने पत्रलेखनाला शास्त्र म्हणून हात घातला, आणि बाराव्या शतकात बोलोन्यात त्याचे नियम पक्के झाले. पत्राचे भाग पाच: अभिवादन, मर्जी संपादन, हकीकत, विनंती, समारोप. सर्वाधिक डोके खर्च होई ते अभिवादनावर. समोरचा वरच्या दर्जाचा, बरोबरीचा की खालचा, यावरून नावांचा क्रम आणि विशेषणे ठरत. तीन शब्दांच्या कामासाठी तीस शब्दांची नांदी लिहायची सवय इथली.

व्यापारी त्याच काळात दुसऱ्याच वाटेने चालले होते. इटलीतल्या प्रातो गावचा फ्रान्चेस्को दातिनी १४१० मध्ये वारला, तेव्हा मागे सुमारे दीड लाख पत्रे राहिली. एवढा साठा राहिला, कारण आलेले पत्र जपून ठेवायचे हा त्याच्या पेढ्यांचा शिरस्ताच होता. या काळातली व्यापारी पत्रे आधी हिशेब लावतात: तुमचे अमुक तारखेचे पत्र पोहोचले, आम्ही अमुक तारखेला उत्तर धाडले. जहाज बुडे, जासूद वाटेत लुटला जाई, म्हणून एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या वाटांनी रवाना होत. आजच्या पत्रातली ‘संदर्भ: आपले दि. … चे पत्र’ ही ओळ याच सवयीची वंशज आहे.

दोन्ही वाटा पुढे एकमेकींत मिसळल्या आणि दुकानदारही दरबारी थाटात लिहू लागले. इंग्रज लेखक डॅनियल डिफोने १७२६ मध्ये व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात अशा फुगीर पत्रांची टर उडवली आहे. साधे लिहा, हा सल्ला निदान तीनशे वर्षे दिला जात आहे. तो पाळला किती गेला हे कोणतीही जुनी फाईल सांगेल.

साच्याला आजचे रूप मिळाले ते १७८० नंतर. त्या वर्षी जेम्स वॉटने पत्राची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ताज्या शाईवर ओलसर पातळ कागद दाबायचा. त्यावर उलटी उमटलेली अक्षरे मागच्या बाजूने सुलटी वाचता येत. पुढे अशा नकला बांधीव वहीत तारीखवार जमा होऊ लागल्या. दिनांक आणि ज्याला लिहिले त्याचे नाव पत्राच्या पोटातच नसेल, तर अशी नक्कल कुचकामी ठरते. पाकिटावर पत्ता असूनही तो आत पुन्हा का लिहायचा, याचे उत्तर इथे मिळते.

पाकीट सर्रास वापरात आले तेही उशिरा. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालखर्च अंतर आणि कागदांची संख्या पाहून ठरे आणि बहुधा घेणाऱ्याच्या माथी पडे. पाकीट हा एक जादा कागद, म्हणून पत्रच घडी घालून लाखेने बंद करत. रोलंड हिल याने सुचवलेल्या टपालसुधारणेने आकारणी वजनावर आली आणि पैसे पाठवणारा भरू लागला, तेव्हा पाकिटाचा अडसर संपला.

रेमिंग्टन कंपनीचे टंकलेखन यंत्र १८७४ मध्ये बाजारात आले. कार्बन कागदाशी जोडी जमल्यावर पत्र आणि प्रत एकाच फटक्यात तयार होऊ लागली. सुट्या प्रती वहीत मावेनात. १८९० च्या दशकात उभ्या फायलींची कपाटे आली आणि कागद तारखेऐवजी विषयवार लावता येऊ लागले. मग कारकुनाला पत्र कोणत्या फायलीत घालायचे हे चटकन कळायला हवे. त्यासाठी मायन्याजवळ विषयाची ओळ आली, आणि मोठ्या कंपन्यांनी एका पत्रात एकच विषय लिहिण्याचा दंडक घातला. लेखनकलेचा नियम म्हणून शिकवली जाणारी ही गोष्ट मुळात कपाटाची गरज होती! प्रत्येक ओळ डाव्या समासापासून सुरू करण्याची पद्धत टंकलेखकाचे हात वाचवते. पत्त्याची पानावरची जागा खिडकीच्या पाकिटाने पक्की केली. शिकागोच्या अमेरिकस कॅलाहनला त्याचे पेटंट १९०२ मध्ये मिळाले. जर्मनीने १९२२ मध्ये कागदाची मापे ठरवली आणि ए-फोर जन्माला आला.

ईमेलने मात्र पत्राऐवजी कार्यालयांतर्गत टिपणाचा साचा उचलला: कोणाकडून, कोणाला, दिनांक, विषय. हे खाने १९७० च्या दशकात ठरले, आणि १९७७ च्या तांत्रिक नियमावलीत ‘सीसी’ व ‘बीसीसी’ही होते. टिपणाला मायना नसतो, कारण ते आपल्याच माणसांत फिरते. त्यामुळे दिनांक यंत्र घालते, विषयासाठी तयार चौकट असते, आणि अनोळखी अधिकाऱ्याला ‘महोदय’ लिहावे की नुसते ‘नमस्कार’, एवढ्यावरच लिहिणाऱ्याची बोटे अडतात.