व्हॅम्पायर (पडद्यावरचा आणि त्याच्या आतला)

व्हॅम्पायर म्हणजे मेल्यावर थडग्यातनं उठून जित्या माणसाचं रक्त पिणारं पिशाच. मराठीत याला नेमका शब्द नाही, रक्तपिपासू म्हटलं की पेपरातल्या हेडिंगसारखं वाटतंय, आणि आपला वेताळ प्रेतात शिरून झाडाला उलटा लटकत असला तरी विक्रमाला कोडी घालण्यातच त्याची रात्र जाते. कोल्हापुरात तर वेताळमाळ नावाची तालीमच आहे, आणि चटणीत लसूण एवढा असतोय की लसणाला भिणारा ड्रॅक्युला इथं टिकायचाच नाही.

पण पिक्चरमधला व्हॅम्पायर नुसता व्हॅम्पायर कधीच नसतो, त्या काळाला ज्याची भीती वाटते ते त्याच्या आत दडवलेलं असतं. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ चा 'नोस्फेराटू' बघा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरनं परवानगी न घेता ढापलेला, स्टोकरच्या बायकोनं केस केली, कोर्टानं सगळ्या प्रिंटा नष्ट करायला सांगितल्या तरी काही वाचल्याच. त्यातला व्हॅम्पायर, काउंट ऑरलॉक, जहाजातनं येतो तो उंदीर आणि प्लेग घेऊनच, म्हणजे पहिलं महायुद्ध आणि १९१८ ची फ्लूची साथ नुकतीच बघितलेल्या प्रेक्षकाला वेगळं काय सांगायचं? काहीजणांना त्याच्या नाकात, नखांत ज्यूद्वेष दिसतो, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. जिन्यावर सरकणारी ती लांब बोटांची सावली आजही अंगावर येते. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हे पण इथनंच आलं, पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा फिरतोय की!

पुढं 'ब्लॅक्युला'त (१९७२) गुलामांचा व्यापार थांबवा म्हणणाऱ्या आफ्रिकन राजपुत्रालाच ड्रॅक्युला शाप देतो. 'ट्रू ब्लड' (२००८ ते २०१४) सिरीयलमध्ये व्हॅम्पायर उघडपणे समाजात येऊन हक्क मागतात, तिथं समलिंगींची लढाई ओळखायला डोकं खाजवावं लागत नाही. रामसे बंधूंच्या 'बंद दरवाजा'त (१९९०) असलं काही शोधू नये, मजा घ्यावी.

मार्क्सनं १८६७ मध्येच 'कॅपिटल'मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिलेली, जित्या कष्टाचं रक्त पिऊन जगणारं म्हणून. त्या हिशोबानं कोल्हापूरचा व्हॅम्पायरपट म्हणजे बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश'. सुळे नाहीत, थडगं नाही, सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो गडी शहरात गिरणीत राबायला जातो, ही शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. त्यातला एक शॉट जुन्या जाणकारांच्या लक्षात राहिला तो भुताच्या पिक्चरलाच शोभेल असा: अंधारात बुडालेली झोपडी, आणि रडणारं कुत्रं.