नांगर, बंदूक आणि कृषी खातं: जेरेमाया रस्क यांच्या आयुष्यामागचा इतिहास

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की आपल्याला मुंबईची कापसाची तेजी आठवते. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेतला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच बाजार कोसळला. पण या युद्धात लढलेला उत्तरेचा सैनिक कोण होता? मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या मध्य-उत्तर भागातल्या पलटणींत तो बहुतेक वेळा शेतकरी किंवा शेतकऱ्याचा मुलगा होता. लढाई संपल्यावर तो पुन्हा शेतावर गेला, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं सरकार आपलं काय देणं लागतं, हा प्रश्न त्याने सोडला नाही. याच भागातल्या विस्कॉन्सिन राज्याचे जेरेमाया रस्क अशांपैकीच एक. ते गव्हर्नर झाले, देशाचे कृषिमंत्री झाले, म्हणून त्यांचं नाव नोंदींत राहिलं. सुरुवात मात्र चारचौघांसारखीच होती.

रस्क यांचा जन्म १७ जून १८३० चा, ओहायो राज्यातला. वडील लवकर गेले आणि कोवळ्या वयात शेताचा भार अंगावर पडला. शाळा जेमतेम झाली. काही काळ त्यांनी टपाल-प्रवासी घोडागाडी हाकली. १८५३ मध्ये ते विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला विरोक्वा या गावी आले. तिथे खाणावळ चालवली, शेती केली, मळणीयंत्र फिरवलं, शेरीफचं काम केलं. उंची सहा फुटांच्या वर आणि शरीर त्याला साजेसं भक्कम. नव्या वस्तीत एका माणसाने चार धंदे करणं ही तिथली रीतच होती, कारण नुसत्या गव्हावर वर्ष निघत नसे.

ही वस्ती ज्या जमिनीवर उभी राहिली तिचा इतिहास रक्ताळलेला आहे. या तालुक्याएवढ्या काउंटीचं नाव तेव्हा बॅड ॲक्स होतं. १८३२ च्या ऑगस्टमध्ये सॉक नेते ब्लॅक हॉक यांच्याबरोबरचे सॉक आणि फॉक्स या मूलनिवासी जमातींचे लोक इथेच मिसिसिपी ओलांडून पलीकडे जाऊ पाहत होते. सैन्याने आणि नदीतल्या सशस्त्र आगबोटीने त्यांना गाठलं आणि बायकामुलांसकट मारलं. त्यानंतर वीसेक वर्षांत गोरे शेतकरी आले, त्यांच्यात नॉर्वेजियन कुटुंबंही बरीच होती. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने मिळत होती. स्वतःच्या घामाने शेत उभं केलं, असं हे शेतकरी अभिमानाने सांगत आणि ते खरंही होतं. पण ते शेत त्यांच्या हाती येण्याआधी सरकारने बंदुकीच्या जोरावर मोकळं केलं होतं. सरकार आणि शेतकरी यांच्यातल्या देण्याघेण्याची पहिली नोंद हीच आहे.

१८६२ साली हे देणंघेणं एकदम वाढलं. १५ मे रोजी लिंकन यांनी कृषी खात्याच्या कायद्यावर सही केली. २० मे रोजी होमस्टेड कायदा झाला, म्हणजे पाच वर्षं राहून कसणाऱ्याला नाममात्र शुल्कात १६० एकर. २ जुलैला राज्यांना कृषी महाविद्यालयांसाठी जमिनी देणारा कायदा आला, आणि १४ जुलैला जखमी सैनिकांच्या व मृतांच्या कुटुंबांच्या पेन्शनचा. जेमतेम दोन महिन्यांत हे सगळं झालं, तेही युद्ध अंगाशी आलेलं असताना. बॅड ॲक्स काउंटीचं नाव बदलून व्हर्नन झालं तेही त्याच वर्षी. रस्क तेव्हा राज्याच्या विधानसभेत होते. ते पंचविसाव्या विस्कॉन्सिन पायदळ पलटणीत मेजर म्हणून गेले. ही पलटण सप्टेंबरमध्ये ला क्रॉस इथे रुजू झाली.

या पलटणीची कहाणी सांगायची तर आकड्यांपाशी थांबावंच लागतं. लढाईत तिची पन्नासेक माणसं कामी आली. रोगराईने गेलेली चारशेच्या वर होती. १८६३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या ठाण्याला उत्तरेच्या सैन्याचा वेढा चालू असताना ही पलटण याझू नदीच्या दलदलीच्या काठावर तळ देऊन होती. हिवताप, हगवण, विषमज्वर. थंड कोरड्या टेकड्यांवर वाढलेली, दुसऱ्या गावचं पाणी फारसं न प्यायलेली ही पोरं एकाच तळावर, एकाच पाण्यावर आली आणि पटापट आजारी पडली. तंबूत पडलेल्यांची संख्या उभे राहू शकणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. डास आणि हिवताप यांचा संबंध तेव्हा कोणाला माहीत नव्हता. दूषित हवेला दोष देत असत आणि क्विनीनचा डोस देत असत.

पुढे उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या अटलांटा मोहिमेत २२ जुलै १८६४ रोजी डेकॅटर गावाजवळ पलटणीचे कर्नल मिल्टन माँटगोमेरी जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि सूत्रं रस्क यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी दक्षिण कॅरोलायनात साल्केहॅची नदीवरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळाला. १८६५ च्या जूनमध्ये पलटण मोडली आणि माणसं घरी आली.

घरी काय होतं? युद्धाच्या काळात बायका, म्हातारे आणि पोरं यांनीच शेतं चालवली होती. गडी मिळेनात म्हणून कापणीयंत्रं घेतली गेली आणि त्यांचे हप्ते डोक्यावर होते. गव्हाचा युद्धातला भाव टिकला नाही. टेकड्यांच्या उतारावर सालोसाल गहूच घेतल्याने जमिनीचा कस उतरत होता, त्यात पीक शोषणाऱ्या चिंच बग नावाच्या किडीने उच्छाद मांडला. आणि परतलेला गडी पहिल्यासारखा राहिला नव्हता. गोळी लागलेला हात सगळ्यांना दिसतो, पण दलदलीतून आणलेली हगवण आणि सांधेदुखी दिसत नाही. नांगराच्या मागे अर्धा दिवस चाललं की बसावं लागे.

इथे पेन्शनचा प्रश्न येतो. जुन्या नियमाप्रमाणे आजार नोकरीत असतानाच जडला हे सिद्ध करावं लागे. त्यासाठी अधिकाऱ्याचा किंवा सोबत्यांचा दाखला हवा, अधिकारी मेलेला, सोबती कॅन्सस-नेब्रास्काला गेलेले. मग शेजाऱ्यांची शपथपत्रं जमवायची: युद्धाला जाण्याआधी हा माणूस धडधाकट होता, आता गवत कापायला त्याला मजूर लावावा लागतो. सरकारने नेमलेले डॉक्टर त्याला तपासून अंगमेहनतीची किती शक्ती गेली याचं माप लिहीत, पुढे पुढे तर अठरांशाच्या अपूर्णांकात. कृष्णवर्णीय सैनिकांना कायदा तोच होता, पण गुलामीत जन्म-लग्नाची नोंदच न झालेल्या माणसाने कागद आणायचे कुठून? रस्क १८७१ ते १८७७ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत होते आणि काही काळ अपंग सैनिकांच्या पेन्शन समितीचे अध्यक्ष होते. ज्यांच्या चारशे साथीदारांना रोगाने नेलं, त्यांच्या टेबलावर हेच अर्ज येत होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पेन्शनचं राजकारण पुढे प्रचंड वाढलं. ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक ही माजी सैनिकांची संघटना १८६६ मध्ये इलिनॉयमध्ये निघाली आणि १८९० पर्यंत तिचे चार लाखांवर सभासद झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने नव्वद दिवस नोकरी केलेल्या आणि आता अंगमेहनत न होणाऱ्या सैनिकाला, अपंगत्व युद्धात आलेलं नसलं तरी, महिना ६ ते १२ डॉलर मिळू लागले. १८९३ च्या सुमारास केंद्र सरकारच्या उत्पन्नातला जवळजवळ चाळीस टक्के पैसा पेन्शनवर जात होता. त्यावर टीका खूप झाली, खोटे दावेही होतेच. तरीही गव्हाचा भाव पडलेल्या त्या वर्षांत कितीतरी शेतांवर हातात येणारी खात्रीची रोकड तेवढीच होती.

१८८२ ते १८८९ रस्क विस्कॉन्सिनचे गव्हर्नर होते. या काळातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. १८८२ मध्ये राज्याच्या उत्तरेला एक रेल्वे कंपनी बुडाली आणि शेकडो मजूर पगाराविना अडकले. दंगल होईल म्हणून सैन्य पाठवण्याची मागणी झाली. रस्क यांनी नकार दिला, या लोकांना गोळी नाही, भाकरी हवी असं म्हणाले आणि अन्न पाठवलं. चारच वर्षांनी, मे १८८६ मध्ये, मिलवॉकीचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले तेव्हा त्यांनीच सैन्यदल पाठवलं, आणि बे व्ह्यूच्या पोलाद कारखान्यापुढे मोर्चावर गोळीबार झाला. किमान सात माणसं मेली. त्यांत १३ वर्षांचा एक मुलगा होता. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी रस्क यांना डोक्यावर घेतलं. मला त्यात शाबासकीसारखं काही दिसत नाही. पोटासाठी अडलेल्या मजुराचं दुःख त्यांना कळलं, कामाचे तास मागणाऱ्या स्थलांतरित कामगाराचं कळलं नाही.

त्यांचं सर्वांत टिकाऊ काम शेतीतच झालं. १८८५ मध्ये विस्कॉन्सिनने सरकारी खर्चाने शेतकरी मेळावे सुरू केले. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली असताना गावोगाव दोन दिवस जमायचं, प्राध्यापकाने सांगायचं आणि मुरलेल्या शेतकऱ्याने त्याला खोडूनही काढायचं. गहू सोडून दुभत्या गाईंकडे वळण्याचा मार्ग अनेकांना तिथे दिसला. १८८९ च्या फेब्रुवारीत कृषी खात्याला मंत्रिमंडळात स्थान मिळालं. पहिले मंत्री नॉर्मन कोलमन काही आठवडेच होते, मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी रस्क यांना नेमलं. हॅरिसनही अटलांटा मोहिमेत लढलेले.

अमेरिकेच्या डुकराच्या मांसावर तेव्हा युरोपात बंदी होती. जर्मनी, फ्रान्स, इटली या देशांचं कारण असं की त्यात ट्रिकिना नावाचे कृमी असतात. रस्क यांनी १८९० आणि १८९१ च्या कायद्यांच्या आधाराने सरकारी तपासणी बसवली, सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचे नमुने पाहण्यासाठी माणसं नेमली, आणि १८९१ मध्ये जर्मनीने बंदी उठवली. गुरांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाविरुद्धची मोहीम त्यांच्या आधीच सुरू झाली होती. लागण झालेली गुरं भरपाई देऊन मारायची, गोठे बंद ठेवायचे. २६ सप्टेंबर १८९२ रोजी देश या रोगातून मुक्त झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्याच खात्यात थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबॉर्न गुरांच्या टेक्सास तापावर काम करत होते. त्यांचा १८९३ चा अहवाल सांगतो की हा ताप एका गुराकडून दुसऱ्याकडे गोचीड नेते. कीटकवर्गाच्या भावंडातला जीव सस्तन प्राण्यात रोग पसरवतो याचा असा भक्कम पुरावा त्याआधी नव्हता, आणि डास-हिवतापाचं कोडं सुटलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी.

मार्च १८९३ मध्ये मंत्रिपद सुटलं. रस्क विरोक्वाला परतले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला वारले.

व्हर्नन काउंटीत तोवर गव्हाची जागा तंबाखू आणि गाईंनी घेतली होती. पण उतारांची धूप थांबली नव्हती, गाईंनी रानातल्या टेकड्याही तुडवून उघड्या केल्या. १९३३ मध्ये केंद्र सरकारने देशातला पहिला पाणलोट प्रकल्प सुरू केला तो याच भागात, कून क्रीकच्या खोऱ्यात. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच-पाच वर्षांचे करार केले: सरकारने बी, चुना, खत आणि मजूर द्यायचे, शेतकऱ्याने उताराला आडवी, समपातळीत नांगरट करायची आणि गुरं रानात सोडायची नाहीत.