'एलियन ३'चे दोन कट, आणि त्यातला एकही दिग्दर्शकाचा नाही

'एलियन ३' या विज्ञान-भयपटाचा विषय निघाला की दोन माणसं तावातावाने भांडतात आणि बऱ्याच वेळाने कळतं की दोघांनी वेगवेगळे सिनेमे पाहिलेत. एकाला कुत्रा आठवतो, दुसऱ्याला बैल.

कुत्रावाला सिनेमा १९९२ साली थिएटरात लागलेला, ११४ मिनिटांचा. बैलवाला म्हणजे 'असेंब्ली कट', २००३ च्या डीव्हीडी संचातून आलेला आणि जवळजवळ अर्ध्या तासाने लांब. याला सर्रास 'डिरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखी आवृत्ती, म्हणतात, पण तो तसा नाही. डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच चित्रपट. पटकथा पक्की नसताना शूटिंग सुरू झालं, स्टुडिओशी सतत खटके उडाले आणि शेवटी तो वैतागून बाजूला झाला. पुढे फॉक्स या स्टुडिओने नवा कट काढायचं ठरवलं तेव्हाही त्याने हात लावला नाही. शूटिंगनंतरच्या सुरुवातीच्या जोडणीवरून इतरांनीच तो उभा केला.

फरक सुरुवातीलाच दिसतो. असेंब्ली कटमध्ये डॉक्टर क्लेमेन्सला नायिका रिप्ली किनाऱ्यावर पडलेली सापडते. मागे राखाडी समुद्र, सोसाट्याचा वारा, आणि पाण्यातून यान ओढून काढणारे बैल. फ्युरी नावाच्या या कैद्यांच्या ग्रहावर जगणं म्हणजे काय, ते दोन मिनिटांत कळतं. थिएटरच्या कटमध्ये यातलं फारसं काही उरलेलं नाही. मात्र दुसऱ्या जिवाच्या शरीरात वाढून बाहेर पडणारा तो परग्रही राक्षस मेलेल्या बैलातून निघण्यापेक्षा कुत्र्यातून निघतो ते मला जास्त पटतं. चार पायांवर भिंतीवरून सुसाट धावणारं ते जनावर बैलाचं वाटतच नाही! शिवाय कुत्र्याची तडफड अंत्यविधीच्या भाषणाला जोडून येते, तिथे पोटात कालवतं.

खरी गोम आहे ती गोलिकमध्ये. पॉल मॅकगॅनने साकारलेला हा भ्रमिष्ट कैदी १९९२ च्या कटमध्ये दवाखान्यात पट्ट्यांनी बांधलेला दिसतो, त्याच्या डोळ्यांदेखत क्लेमेन्सचा बळी जातो, आणि त्यानंतर गोलिक सिनेमातून गायबच! कुणी त्याचं नावही काढत नाही. असेंब्ली कटमध्ये कळतं की कैदी त्या राक्षसाला अणुकचऱ्याच्या कोठारात चक्क कोंडतात. म्हणजे जिंकतात. पण गोलिकला तो 'ड्रॅगन' दैवी वाटू लागलाय. तो पहारेकऱ्याचा गळा चिरतो, दार उघडतो आणि स्वतःच पहिला घास होतो. देवाधर्माला लागलेल्या खुन्यांच्या वस्तीत श्रद्धेचं हे दुसरं टोक. हाच भाग कापल्यामुळे थिएटरचा सिनेमा मधोमध नुसता अंधाऱ्या बोळांतली पळापळ वाटतो. तेव्हाच्या प्रेक्षकांची 'काही कळतच नाही' ही तक्रार रास्तच होती.

दुसरी तक्रार मात्र कुठल्याच कटने सुटत नाही. मालिकेतल्या आधीच्या, जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ च्या सिनेमात रिप्लीने जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट ही छोटी मुलगी, आणि हिक्स हा सैनिक, दोघंही इथे सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच मरतात. ज्यांना तेव्हा राग आला, त्यांचा राग अर्धा तास वाढवून जाणार नाही. मला स्वतःला तो निर्णय क्रूर पण प्रामाणिक वाटतो. गोलिकची गाळलेली गोष्ट हा त्याहून मोठा अन्याय.

शेवटही वेगळा. १९९२ मध्ये रिप्ली भट्टीत पडता पडता तिच्या शरीरात वाढणारं राक्षसांच्या राणीचं पिल्लू छातीतून बाहेर येतं आणि ती त्याला कवटाळते. लांब कटमध्ये ती नुसती मागे झोकून देते. पिल्लू आलं की ती मरणारच होती, मग उडीत निर्णय कुठला राहिला? इथे असेंब्ली कट सरस.

तेव्हा एकच पाहायचा तर लांबच पाहा, पण २००३ च्या डीव्हीडीवर नको. परत जोडलेल्या काही प्रसंगांतले संवाद तिच्यावर नीट ऐकूच येत नाहीत. २०१० च्या ब्लू-रेसाठी कलाकारांना बोलावून ते नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले.